छायाचित्राला शब्दांची जोड द्या
संकेतस्थळावरील मालाची चित्रे, शोधयंत्रे आणि अंध ग्राहक

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत स्वतःचे संकेतस्थळ उघडले आहे. भिवंडीचा ग्रे कापडवाला असो, मालेगावचा साडी-लुंगीवाला असो, सोलापूरचा चादर-टॉवेलवाला असो की येवल्याच्या पैठणीचा विक्रेता असो. घरात मुलगा किंवा पुतण्या शिकून तयार झाला की तो पहिले काम हेच हाती घेतो. चांगला फोटोग्राफर बोलावतात, ताके उलगडतात, पदर पसरतात, शे-दीडशे छायाचित्रे काढून संकेतस्थळावर चढवतात. मग सहा महिने वाट पाहतात. चौकशी काही येत नाही. गिऱ्हाईक गूगलवर आपल्याच मालाचे नाव टाकते आणि त्याला भलत्याच गावच्या, भलत्याच पेढीचा माल दिसतो.

ही तक्रार आम्ही आमच्या गादीवर बसून अनेकांकडून ऐकली आहे. तेव्हा या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन पाहिले. उत्तर असे निघाले की माल चांगला, छायाचित्रही चांगले, पण ते मुके आहे. त्यात काय आहे हे सांगणारा एकही शब्द त्याच्याजवळ लिहिलेला नाही. शब्द नसल्यामुळे दोन गिऱ्हाईके आपल्या दुकानाच्या दारावरून परत जातात. एक म्हणजे शोधयंत्रातून येणारे गिऱ्हाईक आणि दुसरे म्हणजे ज्याला डोळ्यांनी दिसत नाही ते गिऱ्हाईक. या दोघांना लागणारा उपाय बराचसा एकच आहे, आणि तो जवळपास फुकट आहे. म्हणून हा लेख.

एका पोशाखाची गोष्ट

इंटरनेटच्या पानावर मजकुराच्या ओळीतच चित्र दिसण्याची सोय 1993 साली मोझेक नावाच्या ब्राउझरने लोकप्रिय केली. चित्र उमटले नाही तर त्याच्या जागी काही शब्द दिसावेत, अशी तरतूदही लवकरच झाली. पाने ज्या भाषेत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. तिच्या 1995 च्या आवृत्तीत या शब्दांसाठी जागा होती आणि 1997 च्या आवृत्तीत ती प्रत्येक चित्रासाठी सक्तीची झाली. या शब्दांना ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणतात. आपण त्याला पर्यायी मजकूर म्हणू.

फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेत ग्रॅमी पुरस्कारांचा समारंभ झाला. तेथे गायिका जेनिफर लोपेझ एक हिरवा पोशाख घालून आली आणि दुसऱ्या दिवशी असंख्य लोक गूगलवर तो पोशाख शोधू लागले. त्या काळी गूगल फक्त मजकुराच्या दुव्यांची यादी देत असे. लोकांना कपडा पाहायचा होता आणि त्यांच्या हाती ओळी पडत होत्या. त्यातून चित्रे शोधण्याची वेगळी सोय करण्याचा विचार पुढे आला आणि जुलै 2001 मध्ये गूगलचा चित्रशोध सुरू झाला. गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांनीच 2015 साली ही हकिकत लिहून प्रसिद्ध केली. म्हणजे जगातल्या या सर्वांत मोठ्या चित्रशोधाच्या जन्माला एक कपडा कारण झाला. कापडवाल्यांनी हे विसरता कामा नये. लोक कापड शब्दांनी शोधतात, पण ते डोळ्यांनी पाहू इच्छितात.

आज शोधयंत्रे चित्र ओळखण्यात पुष्कळ हुशार झाली आहेत. 2017 पासून गूगल लेन्स आहे. लग्नात एखाद्या बाईच्या अंगावर पाहिलेल्या दुपट्ट्याचा फोटो काढून तसलाच दुपट्टा शोधता येतो. तरीही गूगल आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगते, की चित्राचा विषय समजण्यासाठी ते चित्राबरोबरच पर्यायी मजकूर आणि पानावरचा मजकूरही वापरते. फाइलच्या नावावरूनही त्याला थोडाफार अंदाज येतो. यंत्राला ‘ही साडी आहे’ एवढे कळेल. ती सुती की रेशमी, हातमागावरची की यंत्रमागावरची, काठ विणलेला की छापलेला, हे त्याला खात्रीने कळत नाही. ते आपल्याला माहीत आहे आणि ते आपणच सांगायचे आहे.

ज्याची बोटे माल ओळखतात

आता दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळू. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी 50 लाखांवर व्यक्तींना दृष्टीचे अपंगत्व होते. मधुमेहाने, मोतीबिंदूने किंवा वयाने ज्यांची नजर मंद झाली, त्यांतले बरेचसे या आकड्यात नसतीलही. यांतील कितीतरी लोक आज मोबाइल वापरतात, पैसे पाठवतात, खरेदी करतात. त्यांच्या मदतीला ‘स्क्रीन रीडर’ असतो. पडद्यावर जे लिहिले आहे ते तो मोठ्याने वाचून दाखवतो. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर हे कंपनीनेच दिलेले असतात. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी 2006 साली त्याचे काम सुरू केले आणि जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. हे दोघेही अंध. आज जगभरचे अंध लोक त्यांच्या मेहनतीचा लाभ घेत आहेत.

आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग मास्टर आहेत. उमर मागांवर गेली. साखरेच्या आजाराने नजर गेली, पण हात शाबूत आहे. ताक्याचे टोक चिमटीत धरून ते काउंट सांगतात आणि बहुधा बरोबर सांगतात. नातवाने त्यांना मोबाइलवर टॉकबॅक लावून दिला आहे. एकदा ते आमच्याकडे बसले असताना घरच्यांसाठी चादरी पाहाव्यात म्हणून त्यांनी एका दुकानाचे संकेतस्थळ उघडले. फोन बोलू लागला, ‘चित्र. आयएमजी, अंडरस्कोर, दोन, शून्य, दोन, तीन...’ पुढच्या चित्रावर पुन्हा तेच, फक्त आकडे वेगळे. वीस चित्रे झाली. त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, ‘भाई, इथे माल आहे की नुसते गट नंबर?’

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कापड विणले, ज्याच्या बोटांना आपल्यापेक्षा अधिक कळते, त्यालाच कापडाच्या दुकानात काही कळू नये असे ते दुकान आपण बांधले आहे. आणि त्या दिवशी पैसे त्यांच्या खिशात होते.

पर्यायी मजकूर कसा लिहावा

हे काम आपल्याला नवे वाटते, पण कापडवाल्यासाठी ते जुनेच आहे. एक काळ असा होता की नमुना टपालाने पोहोचायला आठवडा लागे. बाजार तेजीत असला तर ट्रंक कॉल बुक करून परगावच्या आडत्याला फोनवरच माल समजावून सांगावा लागे. तीन तीन मिनिटांचे पैसे भरायचे, म्हणून फालतू शब्द नाही. ‘सुती, फिका बदामी, काठ दोन इंची मरून, अंगभर बारीक बुट्टी, पदर चौकडीचा.’ एवढ्यावर समोरच्याच्या डोळ्यांपुढे कापड उभे राहत असे आणि सौदा होत असे. पर्यायी मजकूर म्हणजे नेमके हेच. समोरचा माणूस फोनवर आहे, त्याला चित्र दिसत नाही, आणि आपल्याजवळ दोन वाक्यांचा वेळ आहे, असे समजून लिहावे.

उदाहरण घेऊ. ‘साडी’ एवढेच लिहिले तर ते न लिहिल्यासारखे. ‘स्वस्त साडी सुंदर साडी घाऊक साडी मालेगाव साडी उत्तम साडी’ असे लिहिणे त्याहून वाईट. असा शब्दांचा भरणा करू नका, असे गूगलने बजावून ठेवले आहे, कारण तो फसवणुकीचा प्रकार वाटतो. अंध माणसाच्या कानावर तर ही जाहिरात दगडासारखी आदळते. त्याऐवजी ‘हिरवी सुती साडी, लाल दोन इंची काठ, पदरावर पिवळ्या बुट्ट्या’ असे लिहावे. टॉवेल असेल तर ‘पांढरा टेरी टॉवेल, दोन्ही टोकांना निळे पट्टे, घडी घातलेला’ असे लिहावे.

काही नियम ध्यानात ठेवावेत. ‘चा फोटो’, ‘चे चित्र’ असे शब्द लिहू नयेत. हे चित्र आहे, असे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. एकाच मालाची चार छायाचित्रे असतील तर चारही ठिकाणी तेच वाक्य चिकटवू नये. पहिल्यात पूर्ण साडी, दुसऱ्यात पदर, तिसऱ्यात विणीचा जवळून दिसणारा पोत, चौथ्यात उलटी बाजू, असे ज्यात जे दिसते ते लिहावे. पन्हा, लांबी, काउंट, टॉवेलचे जीएसएम, धुण्याच्या सूचना आणि भाव या गोष्टी चित्रात दिसत नाहीत. त्या पर्यायी मजकुरात कोंबू नयेत. त्या पानावर साध्या अक्षरांत लिहाव्यात. सर्वांना त्या लागतात, डोळस गिऱ्हाईकालासुद्धा.

निव्वळ शोभेची वेलबुट्टी किंवा रेघ असेल तर तिची पर्यायी मजकुराची जागा ठेवावी, पण कोरी ठेवावी. म्हणजे स्क्रीन रीडर तिच्यावरून पुढे जातो. जागाच ठेवली नाही तर तो फाइलचे नाव वाचत बसण्याचा संभव असतो. चित्र हे बटण असेल तर ते कसे दिसते यापेक्षा दाबल्यावर काय होते ते लिहावे. व्हॉट्सॲपच्या हिरव्या खुणेला ‘हिरवा गोल’ न म्हणता ‘व्हॉट्सॲपवर चौकशी करा’ असे म्हणावे.

भाषेविषयी विचारतात. पान ज्या भाषेत आहे त्याच भाषेत पर्यायी मजकूर असावा. मराठी पान मराठीत, उर्दू पान उर्दूत, निर्यातीसाठी इंग्रजी पान असेल तर इंग्रजीत. पानाची भाषा कोणती, हे पान बनवणाऱ्याने आतल्या खुणेने जाहीर करावे लागते. त्यावरून स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडतो. ती खूण नसली तर मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचला जातो किंवा वाचलाच जात नाही.

रंगांची नावे ही आपली दौलत

बऱ्याच संकेतस्थळांवर मालाच्या खाली रंगांचे छोटे चौकोन ठेवलेले असतात. त्यावर बोट ठेवून रंग निवडायचा. अंध माणसाला तेथे फक्त ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येते. ज्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही असेही लोक असतात, आणि असे पुरुष स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक असतात. त्यांनाही ते चौकोन सारखेच दिसतात. एकट्या रंगावर अर्थ अवलंबून ठेवू नये, असा सुगमतेचा जागतिक नियमच आहे. तेव्हा प्रत्येक चौकोनाशेजारी रंगाचे नाव लिहावे.

आणि नावांना आपल्याकडे काय तोटा? मोरपंखी, आमसुली, अबोली, डाळिंबी, गुलबक्षी, चिंतामणी ही मराठी नावे. फिरोजी, उन्नाबी, प्याजी, जाफरानी, बदामी ही आमच्या उर्दू शाळेतून आणि बाजारातून आलेली नावे. ‘निळा’ लिहिणारे हजार दुकानदार असतील. ‘फिरोजी दुपट्टा’ किंवा ‘आमसुली साडी’ असे शोधणाऱ्या बाईला नेमके तेच हवे असते आणि ती बहुधा खरेदीच्या तयारीने आलेली असते. त्याबरोबर नेहमीचा शब्दही द्यावा, जसे ‘फिरोजी, म्हणजे हिरवट निळा’. मग नव्या पिढीलाही समजते.

अक्षरे चित्रात कोंडू नका

आपल्याकडची सर्वांत मोठी खोड आता सांगतो. भावपत्रक, ईदची सवलत, नव्या मालाची यादी, दुकानाचा पत्ता, सगळे एका रंगीत पोस्टरवर छापून त्याचे चित्र संकेतस्थळावर लावले जाते. व्हॉट्सॲपवर फिरवायला ते ठीक आहे. परंतु संकेतस्थळावर ती अक्षरे राहत नाहीत, त्यांचे चित्र होते. स्क्रीन रीडर ते वाचत नाही. शोधयंत्र चित्रातली अक्षरे काही वेळा ओळखते, पण त्याच्या भरवशावर धंदा करता येत नाही. गिऱ्हाईकाला पत्ता किंवा फोन नंबर उचलून घेता येत नाही. भाषांतराच्या सोयीलाही ती अक्षरे सहज लाभत नाहीत.

उर्दूवाल्यांनी याची किंमत चुकवली आहे. 1994 च्या सुमारास इनपेज हे सॉफ्टवेअर आले आणि नस्तालीक लिपीत संगणकावर सुंदर मजकूर जुळवता येऊ लागला. पण तो मजकूर संकेतस्थळावर जसाच्या तसा नेता येत नसे. म्हणून अनेक उर्दू वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे आपली पाने चित्र करून इंटरनेटवर ठेवली. लाखो शब्द लिहिले गेले आणि एकही शब्द शोधून सापडेना. मराठीतही युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांनी असाच गोंधळ केला. आता ती अडचण उरलेली नाही. मराठी आणि उर्दू दोन्ही युनिकोडमध्ये लिहिता येतात आणि नस्तालीकसाठी नोटो नस्तालीक उर्दू हा गूगलचा मोफत फॉन्टही आहे. सोय हाताशी असताना आपण स्वतःच्या हाताने भावपत्रक पुन्हा चित्रात कोंडावे, हे योग्य नव्हे.

पोस्टर ठेवायचेच असेल तर त्याच्याखाली सारा मजकूर साध्या अक्षरांत द्यावा. चित्रावर अक्षरे लिहायची असतील तर ती उठून दिसावीत. नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांतील उठाव किमान साडेचारास एक असावा, असे जागतिक मानक सांगते. सोनेरी जरीवर पिवळी अक्षरे छापली तर साठीच्या डोळस माणसालाही ती वाचता येत नाहीत.

फाइलचे नाव आणि वजन

कॅमेरा फाइलला नंबर देतो. तो बदलून नाव द्यावे. रोमन अक्षरांत, छोटे शब्द, मध्ये आडवी रेघ: ‘हिरवी-सुती-साडी-लाल-काठ’ या धर्तीवर. देवनागरी नावही चालते, पण पत्त्यात त्याचे टक्केचिन्हांनी भरलेले लांबलचक रूप होते, म्हणून रोमन बरे. शब्दांमध्ये खालची रेघ न वापरता आडवी वापरावी, म्हणजे यंत्राला शब्द वेगळे कळतात.

दुसरी गोष्ट वजनाची. मोबाइलचे छायाचित्र साधारण 4000 बाय 3000 ठिपक्यांचे असते आणि तीन-चार एमबीचे भरते. अशी तीस छायाचित्रे एका पानावर टाकली की शंभर एमबीच्या आसपास मामला जातो. खेड्यातले गिऱ्हाईक कमजोर सिग्नलवर ते पान उघडते, चक्र फिरत राहते आणि ते निघून जाते. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची चांगल्या पानाची कसोटी आहे. बहुतेक मालासाठी 1200 ते 1600 ठिपक्यांची रुंदी पुरे होते आणि एका चित्राचे वजन दीड-दोनशे केबीपर्यंत आणता येते. विणीच्या जवळच्या फोटोला थोडे अधिक वजन द्यावे, कारण गिऱ्हाईक तेथेच पोत पाहते.

1992 पासूनचे जेपीईजी अजून चालते. गूगलने 2010 साली वेबपी हा प्रकार आणला. त्याच दर्जाचे चित्र त्यात जेपीईजीपेक्षा साधारण 25 ते 34 टक्के कमी जागेत मावते, असे गूगलच्या चाचण्या सांगतात. त्यानंतर आलेला एव्हीआयएफ त्याहूनही हलका पडतो. हे रूपांतर करण्यासाठी गूगलनेच 2018 मध्ये काढलेले स्क्वूश हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते.

पान बनवणाऱ्या मुलाला आणखी चार गोष्टी सांगाव्यात. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी आत लिहून ठेवावी, म्हणजे पान उघडताना मजकूर खालीवर उडत नाही. खालची चित्रे गरजेनुसार उघडतील अशी सोय करावी, मात्र वरच्या पहिल्या चित्राला ती लावू नये. मालाचे चित्र पानाच्या सजावटीची पार्श्वभूमी म्हणून लावू नये, कारण तसली चित्रे गूगल आपल्या चित्रशोधात घेत नाही. आणि मालाचे नाव, भाव व चित्र यांची यंत्राला कळेल अशी नोंद, जिला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात, ती पानात घालावी.

कायदा काय म्हणतो

संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीचे जागतिक मानक डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखले जाते. पहिली आवृत्ती मे 1999 ची, 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 ची. तिचा अगदी पहिला नियमच असा आहे की मजकूर नसलेल्या प्रत्येक गोष्टीला, म्हणजे चित्रालाही, मजकुराचा पर्याय असावा.

आपल्या देशात अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. सुगमतेच्या नियमांनुसार सेवा देण्याची जबाबदारी तो सरकारी सेवादारांबरोबर खाजगी सेवादारांवरही टाकतो. भारतीय मानक ब्युरोचे आयएस 17802 हे मानक 2021 व 2022 मध्ये दोन भागांत आले आणि 2023 मध्ये ते नियमांत घेतले गेले. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा घटनेच्या कलम 21 खालील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निकाल दिला. वारे कोणीकडे वाहत आहेत हे यावरून समजावे.

युरोपात टॉवेल, चादर किंवा तयार कपडे थेट गिऱ्हाईकांना ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. युरोपीय संघाचा सुगमता कायदा 28 जून 2025 पासून लागू झाला असून ऑनलाइन विक्री त्यात येते. दहापेक्षा कमी माणसे आणि वीस लाख युरोपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या सेवादारांना त्यातून सूट आहे. पण आपला माल घेणारा तिकडचा मोठा दुकानदार सुटलेला नाही. तो उद्या मालाबरोबर चित्रांचे वर्णनही मागेल. अमेरिकेत टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीवर अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने 2006 मध्ये दावा लावला. चित्रांना पर्यायी मजकूर नाही, ही त्यातील एक प्रमुख तक्रार होती. 2008 मध्ये 60 लाख डॉलरची तडजोड झाली. काही शब्द न लिहिणे इतके महाग पडू शकते.

जे दिसते तेच लिहा

आता यंत्रेही वर्णन लिहू लागली आहेत. फेसबुकने 2016 पासून चित्रांना आपोआप वर्णन जोडायला सुरुवात केली आणि आजची कृत्रिम बुद्धिमत्ता तर परिच्छेदच लिहून देते. तिची मदत जरूर घ्यावी, शे-दीडशे चित्रांचा कच्चा मसुदा तासाभरात मिळतो. परंतु जाणकाराने वाचल्याशिवाय तो संकेतस्थळावर चढवू नये. यंत्र यंत्रमागाच्या साडीला बिनदिक्कत हातमागाची म्हणेल, पॉलिस्टरच्या झळाळीला रेशीम म्हणेल. गिऱ्हाईक मात्र यंत्राला धरणार नाही, दुकानदाराला धरेल.

डोळस गिऱ्हाईक चित्र आणि वर्णन ताडून पाहू शकते. अंध गिऱ्हाईकाला ती सोय नाही. त्याने आपल्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे दिलेले असतात. म्हणून तेथे खोटे लिहिणे ही दुहेरी फसवणूक आहे. रंग धुण्यात थोडा उतरत असेल, विणीत गाठी असतील, तर तेही पानावर लिहावे. मालातील ऐब लपवून विकू नये, हे आपल्या बाजारात कोणाला नव्याने सांगण्याची गरज नाही. यंत्रमागाला यंत्रमाग म्हणण्यात कमीपणाही नाही. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीचा माल त्याच नावाने विकला जावा आणि हातमागाच्या कारागिराचा माल त्याच्या नावाने, यात दोघांचेही भले आहे.

सुरुवात कशी करावी

सर्व चित्रे एकदम घेऊ नयेत. सर्वांत जास्त खपणारे दहा माल निवडावेत. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर एकाने कापड हातात धरून बोलावे आणि दुसऱ्याने लिहावे. वर्डप्रेसवर संकेतस्थळ असेल तर प्रत्येक चित्राशेजारी पर्यायी मजकुराची चौकट तयारच असते, तीत ते वाक्य टाकावे. घरातल्या शाळकरी मुलींनाही हे काम सहज जमते आणि त्या निमित्ताने त्यांना ताणा-बाणा, काठ-पदर, पोत-पन्हा यांची ओळख होते.

मग परीक्षा घ्यावी. फोनवर टॉकबॅक चालू करावा, डोळे मिटावेत आणि आपल्याच दुकानातून एक चादर निवडून चौकशीपर्यंत जाऊन पाहावे. जेथे आपण अडलो तेथे गिऱ्हाईकही अडते. दुसरी परीक्षा शोधयंत्राची. गूगल सर्च कन्सोल हे साधन मोफत आहे. त्यात चित्रशोधातून किती लोक आले आणि कोणते शब्द टाकून आले, हे दिसते. आज आकडा लिहून ठेवावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहावा. एका रात्रीत पहिला क्रमांक मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नये, असा क्रमांक कोणी खात्रीने देऊ शकत नाही.

आपल्या कारागिरांच्या हाताला हुनर आहे, हे आपण नेहमी म्हणतो. तो हुनर पडद्यावर नुसत्या नंबराने टांगलेला राहू नये. प्रत्येक चित्राला एक खरे, नेटके वाक्य द्यावे. ज्याला दिसते त्याला माल सापडेल, ज्याला दिसत नाही त्याला माल समजेल, आणि दोघांचेही पैसे आपल्या गल्ल्यात येतील. दहा मालांची दहा वाक्ये या आठवड्यात लिहून व्हावीत, एवढीच आमची विनंती आहे.